बिनरंगाची पलटण

१ जून १९९७, रविवार

आज पुन्हा हरलो, आणि कृष्णमूर्तीकडूनच हरलो. दुसऱ्या कुणाकडून हरलो असतो तर जेवून झोपलो असतो, ही डायरी उघडली नसती. रंगाच्या कंपनीनं जानेवारीत दिली, तेव्हापासून कोरीच पडली होती. दुकानात लिहिण्यासारखं पुष्कळ घडतं, पण ते गिऱ्हाइकाशी बोलून मोकळं होता येतं. हे कुणाशी बोलणार?

म्हातारपणी वाचताना समजावं म्हणून आधी मांडणी लिहून ठेवतो. जे. सी. रोडला माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान. वर गोदाम, गोदामात लांब टेबल. टेबलावर हिरवी घोंगडी, घोंगडीखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या, आणि त्यांवर बोटाएवढे शिशाचे शिपाई. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही चारपाच पोक्त माणसं इथं लढाई खेळतो. टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, मेलेला शिपाई बशीत काढून ठेवायचा. हे वेड अप्पासाहेबांचं. ते बेळगावकडचे, फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झाले. कुणा परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून त्यांना साचे मिळाले. शिसं तेच ओततात, नियम तेच सांगतात आणि पंचही तेच.

दर विजयादशमीला मोठा डाव होतो. जिंकेल त्याच्या घरी वर्षभर पितळेची तोफ, अंगठ्याएवढी. गेली चार वर्षं ती कृष्णमूर्तीच्या घरी आहे.

माझी पलटण लाल. प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर. सोनेरी काठ मी खारीच्या केसांच्या कुंचल्यानं काढलेत. पोरवयात मी लॉऱ्यांचा गंज खरवडायचो. आज इंदिरानगरचे मोटारवाले शेड जुळवायला माझ्याकडेच येतात. आणि मूर्तीची पलटण? साच्यातून पडली तशी. करडं नागडं शिसं, ठिकठिकाणी खड्डे, एकाची संगीन मोडलेली. आणि ती जिंकते.

अप्पासाहेब म्हणाले, "नवा रंग लागलेला शिपाई पहिला मरतो गा. फौजेत पण तसंच. कडक इस्त्रीवाला आधी पडतोय."

सगळे हसले. मीही हसलो. मी हसण्यात चांगला आहे.

८ जून

मूर्ती खेळतो कसा, ते आज मुद्दाम बघितलं. फासे टाकतो आणि त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. "तूच वाच रे शिवाप्पा, तुझ्यावर विश्वास आहे." केवढा मोठेपणा. शिपाई हलवायच्या आधी प्रत्येकाला हातात घेतो, बुडाखालून अंगठा फिरवतो, जपमाळेसारखा, मग ठेवतो. मला वाटतं काहीतरी पुटपुटतोही. माझे कान तिखट आहेत. डबा हलवला की तळाला किती रंग बसलाय ते मी ऐकून सांगतो. पण त्याचं पुटपुटणं काही समजलं नाही.

मला गप्प खेळता येत नाही. "हे बघ, माझं घोडदळ डाव्या टेकडीमागून निघालं, ओढ्यापाशी आलं," असं मी आरडत असतो. तो मान वाकडी करून ऐकतो आणि मग नेमका ओढ्यापाशीच तोफ डागतो.

२२ जून

मूर्तीला त्याची मुलगी विद्याश्री के. आर. पुरमहून बसनं घेऊन येते. बापाला ती अप्पा म्हणते. जिना चढताना हात धरते, खुर्ची मागं ओढून देते, कॉफीचा लोटा त्याच्या हातात ठेवते. राजासारखं चाललंय. आमचा अजिंक्य पुण्याला असतो आणि फोनवर "बोला" म्हणतो. बापाला कुणी "बोला" म्हणतं?

टेलिफोन फॅक्टरीतली नोकरीही मूर्तीनं पन्नाशीतच सोडली, स्वखुशीनं. "पुरे झालं रे," म्हणाला. ज्याला पुरे झालं असं म्हणता येतं, त्याचं सगळंच बरं असतं.

मी हे बायकोला, हेमलतेला सांगितलं. ती फुलवाती वळत होती. म्हणाली, "तुम्हांला त्यांचं काय काय हवंय, एकदा यादी करा."

२९ जून

सुचलं.

अप्पासाहेब म्हणतात, रंग लागला की शिपाई मरतो. मला ते पटत नाही. रंग म्हणजे रंग, त्याला काय कळतंय. पण खरं असेल तर माझ्याच पलटणीनं का भोगावं? मूर्तीची पलटण मीच रंगवून देतो. भेट म्हणून. विष द्यायचं तर पायसातून द्यावं.

आणि खोटं ठरलं तर निदान टेबलावर तिला बघवेल तरी.

६ जुलै

सगळ्यांसमोर बोललो. मूर्तीनं शिपायांच्या पेटीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"राहू दे रे. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? तू मला भावासारखा."

विद्याश्री म्हणाली, "मामा, नको, अप्पांना..." त्यानं तिचं मनगट दाबलं. मग पेटी माझ्याकडे सरकवली. "सरी, ठीक आहे. घे." आवंढा गिळल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. बिचारा गहिवरला.

लोक म्हणाले, शिवाप्पाचं मन मोठं. ऐकताना बरं वाटलं आणि थोडं पटलंसुद्धा.

२० जुलै

या पलटणीची अवस्था भंगारातल्या लॉरीसारखी आहे. एकाच्या टोपीला टेंगूळ, एकाचा खांदा बसलेला. आणि प्रत्येकाच्या बुडाला उंदरानं कुरतडल्यासारख्या खाचा. कुणाला एक, कुणाला दोन, घोड्यांना आडव्या. साच्याचा दोष असणार. मी मूळचा डेंटिंगवाला, खड्डा दिसला की हात शिवशिवतो. सगळीकडे पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासलं. मोडक्या संगिनीला तार जोडून डाग दिला. आता एकात आणि दुसऱ्यात फरक सापडणार नाही.

हेमलता कॉफी घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

"मूर्तीअण्णांनी मागितलं होतं हे?"

"भेट कुणी मागून घेतं का?"

"नाही, विचारलं. त्यांना एकदा विचारून करा म्हणजे झालं."

बायकांना भेटवस्तूतलं कळत नाही, असं लिहिणार होतो. पण दिवाळीला ती मला नेमकी हवी तीच चप्पल आणते.

१७ ऑगस्ट

एक गंमत झाली आहे आणि ती मला आवडलेली नाही. मूर्तीची पलटण माझ्या पलटणीहून चांगली उतरते आहे. निळा रंग मी तीन डब्यांतून जुळवला. मोराच्या मानेवर उन्हाची तिरीप पडते तेव्हा दिसतो तो. तिच्या ढोलवाल्याला मी भुवया काढल्या. माझ्या ढोलवाल्याला भुवया नाहीत.

माझ्याच हाताचा मला हेवा वाटतो. असा माणूस दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

७ सप्टेंबर

काल गणपती बसला, आज पेटी दिली. झाकण उघडलं तेव्हा अप्पासाहेबसुद्धा चष्मा पुसून वाकले. मूर्तीनं एक शिपाई उचलला. अंगठा बुडाखाली गेला, फिरला, परत फिरला. दुसरा उचलला. तिसरा.

"गुळगुळीत आहे," म्हणाला. "फार गुळगुळीत केलंस रे."

रंगाबद्दल चकार शब्द नाही. माझ्याच्यानं राहवलं नाही. "रंग कसा वाटला?"

"तू लावलास म्हणजे छानच."

"पण कुठला आवडला?"

विद्याश्री म्हणाली, "अप्पांना निळा फार आवडतो, मामा." म्हणजे कौतुक करायलाही या राजाला मुलगी लागते.

मग डाव मांडला. मूर्तीनं घोडदळ टेकडीवर चढवलं आणि पायदळ दलदलीत नेऊन घातलं. एरवी तो हे उलटं करतो. मी जिंकलो.

मी जिंकलो. दोनदा लिहायचं म्हणून लिहितो आहे.

२१ सप्टेंबर

पुन्हा जिंकलो. म्हणजे अप्पासाहेबांचं खरं. रंगानं शिपाई मरतो, पण माझ्या लालांनी आपला वाटा आधीच भोगला होता, आता निळ्यांची पाळी. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. एरवी अप्पासाहेब तरी हसले असते. आज नुसतं म्हणाले, "तुझा रंग लई भारी पडला गा त्याला."

मूर्ती विद्याश्रीला हळूच विचारत होता, "हा कोण?" ती कानात सांगत होती, "तोफवाला." माझ्या कानांनी पकडलं. स्वतःचे शिपाई ओळखू येत नाहीत असं सोंग. हरण्याची सबब तयार ठेवायची माणसाची हुशारी बघा. मीही अशा सबबी केलेल्या आहेत, म्हणून लगेच कळलं.

तरी जिंकल्यावर जेवणाला चव यायला हवी, ती आली नाही. भात जरा गिच्च झाला होता.

२ ऑक्टोबर

दसऱ्याच्या बाहुल्या, आमच्याकडचे गोंबे, मांडले. हेमलतेनं पायऱ्यांवर पांढरं कापड अंथरून चंदनी राजाराणीला सगळ्यांत वर बसवलं. मी राणीला स्वल्प सरकवून जागा केली.

"हे कशाला?"

"तोफ येईल."

"राणीला ढकलून?" म्हणाली आणि राणी परत जागेवर ठेवली. तोफेसाठी खालच्या पायरीवर जागा दिली, शेट्टीचा बाहुला आणि त्याचं धान्याचं दुकान यांच्याशेजारी.

१० ऑक्टोबर, आयुधपूजा

स्प्रेगन, कॉम्प्रेसर, ग्राइंडर सगळं धुऊन ओळीनं मांडलं. कोहळ्यात कुंकू भरून उंबऱ्यावर फोडला. टेबलावर दोन ताटांत दोन्ही पलटणी. मूर्ती मुद्दाम आला होता. आपल्या शिपायांना एकेक करून अंगठ्यानं कुंकू लावत होता, आणि लावता लावता माझ्या ताटात शिरला. माझ्या लालांना लावायला लागला.

मी म्हटलं, "काय रे, शत्रूची पूजा?"

हात क्षणभर तसाच राहिला. मग म्हणाला, "शत्रू आहे म्हणून तर रविवार आहे." आणि माझ्या उरलेल्यांनाही लावलं, एकालाही न वगळता.

बोलण्यात हा माणूस कधी हरत नाही, याचाही मला राग येतो.

११ ऑक्टोबर, विजयादशमी

जिंकलो. तोफ आली आहे, शेट्टीशेजारी ठेवली आहे.

झालं ते लिहितो. विद्याश्रीची परीक्षा जवळ आल्यामुळे ती आली नव्हती. शेजारचा कुणीतरी मूर्तीला खाली सोडून गेला. डाव अर्धा झाला होता आणि माझं पारडं जड होतं. मूर्ती एक शिपाई हातात घेऊन बसला होता. सगळे गप्प, बाहेर सुट्टीमुळे रस्ताही गप्प. आणि मला एक आवाज आला. नखाचा. रंगाच्या कोटावर नखानं खरवडलं की येतो तो आवाज. गिऱ्हाईक कोट पक्का आहे का बघायला दाराच्या कडेला असंच नख लावतं. मी तो आवाज हजार वेळा ऐकलाय.

मूर्ती शिपायाच्या बुडाला नख लावत होता. जिथं मी पुट्टी भरली होती, तिथं. काहीतरी शोधत होता. सापडेना, तसा दुसरा उचलला. मग तिसरा. मग पहिलाच पुन्हा. तोंड माझ्याकडे होतं. डोळे माझ्या कानाच्या जरा बाजूला होते.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"का? हरायला लागलास?" म्हणाला, आणि ढोलवाला तोफ समजून पुढे ठेवला.

अप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ढोलवाल्याला तोफ डागता येत नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी तो मोडू दिला. मीही दिला. फासे टाकले आणि जिंकलो.

भुवया मात्र सुरेख आल्या होत्या त्याला.

१२ ऑक्टोबर

सकाळी हेमलतेला विचारलं. सरळ विचारता येईना, म्हणून म्हटलं, "मूर्तीचा चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं."

ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हांला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"अहो, चार वर्षं ती पोरगी हात धरून जिना चढवते, ते काय लाडानं? उजेड आणि अंधार एवढंच कळतं त्यांना आता. नोकरी त्यापायीच गेली."

"तुला कुणी सांगितलं?"

"विद्याश्रीनं. अप्पासाहेबांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

म्हणजे फक्त मला नाही. सगळ्यांना विश्वासात घेतलं आणि मला वगळलं. खरं सांगतो, पहिल्यांदा दया नाही आली, तोच जुना हेवा वाटला. मी एवढा परका?

मी तसं बोलूनही दाखवलं. हेमलता म्हणाली, "त्यांनीच बजावलं होतं, शिवाप्पाला सांगू नका म्हणून. विद्याश्री सांगत होती. म्हणाले, बाकी सगळे मला खेळवायला बसतात. तो एकटाच मला हरवायला बसतो."

मी दुकानात जाऊन बसलो. रविवार होता, शटर अर्धंच उघडलं.

खाचा त्यानं स्वतः केल्या होत्या. एक म्हणजे बंदूकवाला, दोन म्हणजे भालेवाला, आडवी म्हणजे घोडा. टोपीवरचं टेंगूळ म्हणजे सरदार. मोडकी संगीन ज्याची, तो त्याच्या उजव्या टोकाला उभा असायचा. सगळं त्याच्या अंगठ्याला पाठ होतं आणि मी ते पुट्टी भरून पुसून टाकलं. वर भुवया काढल्या.

रंगानं पलटण हरते का? हरते. मीच हरवली.

१४ ऑक्टोबर

पेटी मागायची कशी? "मला कळलं" म्हणालो की संपलं. मग मीही त्याला खेळवायला बसणाऱ्यांतला एक होईन आणि त्याच्याकडे हरवायला बसणारा एकही उरणार नाही. त्याला लगेच कळेल. आवाजावरून कळेल, मी त्यावर शब्दही न बोलता.

एकच वाट दिसते, आणि ती माझ्या दुकानाच्या नाकावरून जाते.

१९ ऑक्टोबर

सगळ्यांसमोर म्हटलं, "मूर्ती, पेटी दे. रंग फुगायला लागलाय. थिनर खराब निघालं, अख्खी बॅच गेली."

अप्पासाहेब म्हणाले, "तुझा रंग? फुगला?"

"फुगला."

एवढ्या वर्षांत माझ्या दुकानातून गेलेला कोट फुगला असं कुणाला म्हणू दिलेलं नाही मी. एकजण म्हणाला होता, त्याच्याशी अजून बोलत नाही. आज स्वतःच्या तोंडानं म्हटलं, आणि शेजारच्या स्पेअर पार्टवाल्यानं जिन्यातून ऐकलं. उद्यापर्यंत सगळ्या रोडला कळेल.

मूर्तीनं पेटी चटकन दिली. जुलैत दिली होती त्याहून फारच चटकन.

२६ ऑक्टोबर

थिनरच्या ताटलीत एकेक शिपाई सोडतो. निळा सुटतो, ढगासारखा पसरतो. मग पुट्टी मऊ पडते, सुईनं काढतो. खाच उघडी पडते. एक. दोन. आडवी. संगिनीची तार पकडीनं उपटली. इतकं जुळवून केलेलं काम मी आयुष्यात उतरवलेलं नव्हतं.

ढोलवाला शेवटी ठेवला. हेमलता म्हणाली, "याला राहू द्या, आपण ठेवून घेऊ." मी म्हटलं, "त्याची पलटण अपुरी होईल." आणि सोडला ताटलीत. भुवया आधी गेल्या.

२ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ वर नेला होता. मूर्तीनं पेटी उघडली. बुडाखाली अंगठा गेला आणि तिथंच थांबला. त्याचा श्वास मला ऐकू आला. मग दुसरा शिपाई, तिसरा, भरभर. टेंगूळवाला सापडला तेव्हा त्यानं तो मुठीत धरला.

"सगळा सुटला रे रंग?"

"सगळा. घाणेरडा माल होता."

"तीस वर्षांत तुझा एक कोट सुटला नाही शिवाप्पा. माझाच बरा सुटला."

"नशीब तुझं."

"नशीब माझं," म्हणाला आणि शिपाई मांडायला लागला. मोडक्या संगिनीवाला उजव्या टोकाला.

डाव सुरू झाला. मी नेहमीसारखा आरडत होतो. "घोडदळ टेकडीला वळसा घालून, दोन वीत पुढे, ओढ्याच्या अलीकडे, चिंचेच्या झाडाशेजारी..."

"ओरडू नकोस रे," मूर्ती म्हणाला. "मी बहिरा नाही."

अप्पासाहेबांना ठसका लागला. विद्याश्रीनं त्यांना पाणी दिलं. मी टेप उचलून उगाच काहीतरी मोजलं.

मग मी त्याला हरवायला बसलो. शपथेवर सांगतो, एक फासा सैल टाकला नाही, एक चाल सोडली नाही. त्याचा सरदार मारला, तोफ घेतली, उजवी बाजू फोडलीच होती, तेवढ्यात तो मोडक्या संगिनीवाला मागून कुठून आला कुणास ठाऊक, आणि माझा झेंडा गेला. हरलो. सगळ्यांसमोर, करड्या नागड्या शिशाकडून. विद्याश्रीनं त्याचा हात धरला आणि तो जिना उतरताना काहीतरी गुणगुणत होता. माझ्या अंगाची लाही झाली. अगदी खरी झाली, जरासुद्धा उसनी नव्हती. एवढं बरं वाटलं.

पितळेची तोफ मात्र पुढच्या दसऱ्यापर्यंत माझ्याकडेच. गोंबे आवरून ट्रंकेत गेले, ती तेवढी कपाटावर राहिली. येताजाता दिसते. उचलून त्याच्या दारात ठेवून यावी असं रोज वाटतं. पण जिंकलेली तोफ शिवाप्पा परत देतो, हे मूर्तीच्या कानावर गेलं तर पुढच्या रविवारी तो येईल कशाला?

हेमलता म्हणते, धूळ बसलीय तिच्यावर. मी आज ब्रासो लावून घासली. चार वर्षं जिच्यासाठी जळलो, तिला आता नीट वर्षभर मिरवायची आहे.